कार्ड कुठल्या संस्थेचं ते नंतर बघू, आधी शिकवलं कोणी ते सांगा

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की स्कुबा डायव्हिंग शिकायचं असेल, कार्ड काढायचं असेल तर प्रश्न पाठवा, आणि इतके आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. उत्तरं देणारी मी, बरीच वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवतेय, सीझनमध्ये अंदमानात असते आणि पावसाळ्यात पुण्यात स्विमिंग पूलवर.

ताई, डिसेंबरमध्ये मालवणला स्कुबा केलं. व्हिडिओ मिळाला, सर्टिफिकेट पण दिलं. आता अंदमानला चाललोय, ते सर्टिफिकेट दाखवून डायरेक्ट खोल जाता येईल का? की परत पैसे भरून कोर्स करावा लागेल? (पुणे)

नाही जाता येणार, आणि अशी पत्रं एक-दोन नाही, ढिगानं आलीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही जे केलंत त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात, पॅडी या संस्थेच्या भाषेत डिस्कव्हर स्कुबा डायव्हिंग. तो अनुभव असतो, शिक्षण नसतं. हातात मिळालेला कागद म्हणजे आठवण म्हणून दिलेली वस्तू आहे, परवाना नव्हे. मी त्याला अजिबात कमी लेखत नाही हां, माझ्याकडे शिकायला आलेल्यांतले कितीतरी जण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या त्या पंधरा-वीस मिनिटांमुळेच या नादाला लागलेत. पण जरा आठवून बघा त्या दिवशी पाण्याखाली नेमकं काय झालं. टाकी कोणी उघडली? हवा किती शिल्लक आहे ते काट्यावर कोण बघत होतं? जॅकेटमध्ये हवा कोण भरत होतं, कोण सोडत होतं? मागून एका दादाने तुमची टाकी धरली होती आणि तोच तुम्हाला फिरवत होता, तुम्ही श्वास घेत होतात आणि मासे बघत होतात, बरोबर ना? त्या दादाचा हात सुटला असता तर काय करायचं हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि एवढ्या वेळात ते शिकवताही येत नाही.

कोर्समध्ये हेच सगळं तुमच्या हातात येतं. सगळ्यात पहिला पूर्ण कोर्स म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. तीन भाग असतात. एक थिअरी, ती हल्ली बहुतेक जण मोबाइलवर घरबसल्या करतात आणि शेवटी परीक्षा असते, पॅडीत 75 टक्के लागतात. दुसरा भाग पूलमध्ये किंवा शांत उथळ पाण्यात, तिथे सगळी कौशल्यं एकेक करून घटवून घेतात. तिसरा भाग समुद्रात चार डाइव्ह, आणि एका दिवसात ट्रेनिंगचे तीनपेक्षा जास्त डाइव्ह घेता येत नाहीत, म्हणजे समुद्राचे किमान दोन दिवस आलेच. शिवाय 200 मीटर पोहून दाखवायचं, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगायचं. हे सगळं झालं की कार्ड मिळतं, आणि त्या कार्डाचा अर्थ असा की तुम्ही तुमच्यासारख्याच कार्डवाल्या जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाऊ शकता, इन्स्ट्रक्टर सोबत नसला तरी. मला वाटतं अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं की तुम्ही स्वतःची आणि जोडीदाराची जबाबदारी घ्यायला तयार आहात असं ते कार्ड म्हणतं.

सुट्टी कमी असेल तर मधला एक टप्पा पण आहे, स्कुबा डायव्हर नावाचा. त्यात दोनच समुद्री डाइव्ह, पण मर्यादा 12 मीटर आणि कायम प्रोफेशनलच्या देखरेखीखाली. पुढे उरलेलं पूर्ण करून ओपन वॉटर करता येतं, केलेलं वाया जात नाही.

आणि पुण्यातल्यांसाठी खास सांगते, सगळं अंदमानात जाऊनच केलं पाहिजे असं काही नाही. थिअरी आणि पूल इथेच करा, इन्स्ट्रक्टरकडून रेफरलचा फॉर्म भरून घ्या आणि वर्षाच्या आत समुद्राचे चार डाइव्ह दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे करा. मालवणला करा, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे तिथे करा, स्वराज द्वीप म्हणजे आपलं जुनं हॅवलॉक तिथे करा. सुट्टीतले दोन दिवस पूलमध्ये घालवण्यापेक्षा हे खूप बरं पडतं.

पॅडी, एसएसआय, नाउई, सीमास… यातलं सगळ्यात चांगलं आणि जगभर चालणारं कुठलं? एक डाइव्ह शॉपवाला म्हणाला की बाकीची कार्डं बाहेरच्या देशात चालत नाहीत. (ठाणे)

त्या शॉपवाल्याने तुम्हाला चुकीचं सांगितलंय. नावाजलेल्या कुठल्याही संस्थेचं कार्ड जगभर चालतं, मी स्वतः वेगवेगळ्या संस्थांची कार्डं घेऊन आलेल्या लोकांना एकाच बोटीत नेते.

आधी हे समजून घ्या की या संस्था सरकारी नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्ससारखा हा प्रकार नाही. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग बनवलं, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा लागेल तेवढीच आणि पाण्याच्या दाबाला जुळवून देणारं यंत्र. युद्धानंतर ते दुकानात मिळायला लागलं आणि कोणीही उठावं, विकत घ्यावं आणि पाण्यात उडी मारावी असं सुरू झालं. माणसं मरायला लागली. मग लोकांनीच ठरवलं की शिकवल्याशिवाय पाण्यात सोडायचं नाही. इंग्लंडमध्ये 1953 मध्ये बीसॅक नावाचा क्लब निघाला, तिथे आजही क्लबातले जुने सदस्य नव्यांना शिकवतात. 1959 मध्ये मोनॅकोत सीमास, वेगवेगळ्या देशांच्या फेडरेशनना एकत्र आणणारी संघटना, तिचे पहिले अध्यक्ष स्वतः कुस्तो, आणि तिच्या कार्डावर तारे असतात, एक तारा, दोन तारे असं. अमेरिकेत 1960 मध्ये नाउई निघाली. आणि 1966 मध्ये शिकागोजवळ जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन या दोघांनी पॅडी काढली. यातले क्रोनिन डायव्हिंगचं सामान विकणारे आणि एरिक्सन पोहणं शिकवणारे, आणि मला वाटतं पॅडीचं सगळं यश या जोडीतच दिसतं, कारण त्यांनी एकच मोठा लांबलचक कोर्स ठेवण्याऐवजी छोटे छोटे टप्पे केले, एक झाला की पुढचा, आणि सुट्टीवर आलेल्या साध्या माणसाला पण जमेल असं केलं. 1970 मध्ये एसएसआय आली, तिने डाइव्ह शॉप म्हणजेच शाळा ही कल्पना धरली.

आता फरक किती आहे? पहिल्या कोर्सपुरता सांगायचं तर फार कमी. आयएसओचं एक मानक आहे, 24801, त्यात डायव्हरच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्यात आणि या मोठ्या संस्थांचे कोर्स त्याला धरूनच असतात. पॅडी आणि एसएसआयमध्ये ओपन वॉटरला 18 मीटर, बीसॅकच्या ओशन डायव्हरला 20 मीटर, असे बारीकसारीक फरक. मास्क, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र), श्वास, कान… हे सगळीकडे तेच, कारण पाण्याचा दाब संस्था बघून बदलत नाही. नाउईत इन्स्ट्रक्टरला नियमांपेक्षा जास्तीचं शिकवायची मोकळीक असते. पॅडीत कोर्सचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो, त्यामुळे कुठेही गेलं तरी काय मिळणार ते माहीत असतं. आपल्याकडे पॅडी आणि एसएसआयचेच इन्स्ट्रक्टर जास्त भेटतील.

म्हणून मला विचाराल तर संस्थेवर वेळ घालवू नका, माणसावर घालवा. फोन करा आणि विचारा. एका वेळी पाण्यात किती जण असतील? (पॅडीचा नियम समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त आठ, पण दोन-तीन असले तर तुमचं नशीब.) कोर्स किती दिवसांचा? शिकवणाऱ्याचा इन्स्ट्रक्टर नंबर काय? तो नंबर संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, अजून चालू आहे का तेही कळतं, आणि हा प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर तिथेच थांबा. दोन दिवसांत ओपन वॉटर सगळं करून देतो, थिअरी आणि पूलसकट, असं कोणी म्हणालं तर ते गणितच जमत नाही.

एक प्रसंग सांगते, मनाला लागून राहिलेला. कार्ड घेऊन आलेला एक मुलगा, कुठून शिकला ते इथे लिहीत नाही. बोटीवर सगळं बरोबर बोलत होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं की आधी पाच मीटरवर वाळूत बसू आणि मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन काढून दाखव. त्याने मान हलवली. परत खूण केली, परत मान हलवली. वर आल्यावर म्हणाला, ताई, हे आमच्याकडून करूनच घेतलं नाही, सर म्हणाले वेळ नाहीये, तुला येईल हळूहळू. कार्ड खरं होतं, नंबर खरा होता, फोटो त्याचाच होता. त्या दिवशी आम्ही डाइव्ह केलाच नाही, दोन दिवस त्याच पाच मीटरवर बसून शिकलो आणि तिसऱ्या दिवशी गेलो. पोरगं चांगलं होतं, चूक त्याची नव्हती.

मला पाण्याची भीती नाही पण मास्कमध्ये पाणी गेलं तर नाकातोंडात जाईल ही भीती आहे. आणि टाकीतला ऑक्सिजन संपला तर? वय 34. (नाशिक)

आधी एक दुरुस्ती, टाकीत ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली, त्यात ऑक्सिजन 21 टक्केच. शुद्ध ऑक्सिजन तर साधारण 6 मीटरच्या खाली शरीराला विषारी व्हायला लागतो, झटके येऊ शकतात. पेपरवाले नेहमी 'ऑक्सिजन सिलिंडर' लिहितात म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मास्क. तुमची भीती अगदी खरी आहे आणि दहातल्या सात-आठ जणांची हीच असते. कसं शिकवतो ते सांगते म्हणजे डोळ्यासमोर येईल. पूलच्या उथळ भागात आपण गुडघ्यावर बसलेलो, पाणी डोक्याच्या थोडंसंच वर. तोंडात रेग्युलेटर, श्वास तोंडानेच चालू. मी म्हणते मास्कची वरची कड बोटानं जराशी उचला. पाणी आत येतं, गार, आधी नाकाच्या शेंड्यापर्यंत, मग डोळ्यांखाली. इथे मेंदू ओरडतो की उठ, पळ. उठायचं नाही. दोन श्वास तोंडानं घ्यायचे, सावकाश, म्हणजे शरीराला पटतं की अरे, नाकाशी पाणी आहे तरी श्वास चाललाय. मग मास्कची वरची कड कपाळाला दाबून धरायची, जरा वर बघायचं आणि नाकाने सोडायचं, शेकोटी फुंकतो तसं जोरात नाही, एक लांब संथ उच्छ्वास. हवा वर साठते आणि पाणी खालून निघून जातं. बस एवढंच. पहिल्यांदा ठसका लागतो, तिसऱ्यांदा जमतं, दहाव्यांदा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की मी समजते की आता ही समुद्रात न्यायला हरकत नाही. पुढे पूर्ण मास्क काढून परत घालायचा, तेही असंच.

हवा संपण्याबद्दल. काटा समोर असतो, दर थोड्या वेळाने बघायची सवय लावतात. तरी संपली तर जोडीदाराकडे जास्तीचा रेग्युलेटर असतो, बहुतेक पिवळ्या रंगाचा, तो घ्यायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं, हे कोर्समध्ये पुन्हापुन्हा करून घेतात. जोडीदार लांब असेल तर एका श्वासात तोंडातून सतत हवा सोडत वर कसं यायचं तेही शिकवतात. सोडत का, तर 10 मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, वर येताना छातीतली हवा फुगून दुप्पट व्हायला बघते, आणि श्वास रोखून धरला तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून स्कुबातला पहिला नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. थिअरीतलं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

आणि अंगठा वर करायचा नाही! पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. सगळं मस्त आहे असं सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. नवीन मंडळी आनंदात अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना वर घेऊन येतो.

आमची मुलगी 11 वर्षांची आहे, उत्तम पोहते, राज्यस्तरावर जाऊन आली. तिला कार्ड मिळेल का? आम्ही दोघं डायव्हर नाही. (कोल्हापूर)

मिळेल. पॅडीत दहा वर्षं पूर्ण झाली की ज्युनिअर ओपन वॉटर करता येतो, कोर्स मोठ्यांचाच, सूट काही नाही. पण कार्ड मिळाल्यावर 10 आणि 11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरच्या आतच आणि तेही कार्ड असलेल्या आई-वडिलांबरोबर किंवा पालकाबरोबर, नाहीतर प्रोफेशनलबरोबर. बारा पूर्ण झाल्यावर 18 मीटर, पण सोबत कार्डवाला मोठा माणूस हवाच. पंधराव्या वर्षी ज्युनिअर हा शब्द जातो.

माझं मत विचारत असाल तर, उत्तम पोहणं वेगळं आणि हे वेगळं. स्पर्धेत पोहणाऱ्या मुलांना श्वास रोखायची सवय असते, आणि इथे तेच मोडावं लागतं. मुलीला स्वतःला हवंय का ते एकदा तुम्ही दोघं खोलीत नसताना कोणीतरी विचारा. हवं असेल तर तुमच्यापैकी एकानं तिच्याबरोबरच कोर्स करा ना, आईनं केला तर फारच छान, मी असे मायलेकींचे कोर्स घेतलेत आणि दोघी एकमेकींचं सामान तपासताना बघायला मला फार आवडतं.

वय 56, बीपीची एक गोळी चालू आहे. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' टिक कर असं ग्रुपमधले म्हणतात. (संभाजीनगर)

कृपा करून तसं करू नका काका. हा एकच मुद्दा आहे जिथे मी हात जोडून सांगते.

तो मेडिकल फॉर्म तुम्हाला अडवायला नाहीये. छातीचे आजार, दमा, कानाची ऑपरेशन्स, फिट येणं, हृदय, साखर, गरोदरपण असे प्रश्न असतात, आणि 45 च्या वर वय असेल तर सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास, असे जास्तीचे प्रश्न. 'हो' आलं याचा अर्थ संपलं असा नाही, अर्थ एवढाच की डॉक्टरांनी तपासून सही केली पाहिजे. गोळीनं बीपी ताब्यात असलेल्या, रोज चालणाऱ्या कितीतरी लोकांना सही मिळते. स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील, करा. तुमच्या डॉक्टरांना डायव्हिंगचं फारसं माहीत नसलं तर फॉर्मबरोबर डॉक्टरांसाठीच्या सूचनांची पानं येतात, ती प्रिंट काढून घेऊन जा. आणि हे घरून निघायच्या आधी करा, कारण किनाऱ्यावर पोचल्यावर डॉक्टर शोधायची धावपळ झाली की मग माणसं 'नाही' टिक करतात.

सर्दी असेल तर मात्र सही असली तरी पाण्यात नको. कान मोकळे होत नाहीत. पहिल्या दोन-तीन मीटरवरच दुखायला लागतं, आणि जोर लावून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. नाक दाबून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीच, मीटर मीटरला. दुखलं तर थोडं वर या. त्यात कमीपणा काही नाही.

कार्डाची मुदत संपते का? माझं 2014 चं आहे, त्यानंतर पाण्यात गेलेलो नाही. (नागपूर)

मनोरंजनाच्या डायव्हरचं कार्ड संपत नाही, हरवलं तर संस्थेच्या रेकॉर्डवरून परत मिळतं, आता तर मोबाइलमध्येच असतं. पण दहा वर्षांहून जास्त झालीत, हाताला काही आठवणार नाही. आधी रिफ्रेशर करा, पूलमध्ये अर्धा दिवस आणि मग समुद्रात उथळ एक डाइव्ह. चांगलं सेंटर तुम्हाला तसंही सोडणार नाही, लॉगबुकातली, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीतली, शेवटची तारीख बघतातच. लॉगबुक ठेवा, वही चालेल, पण लिहा.

ओपन वॉटरनंतर लगेच अ‍ॅडव्हान्स्ड करू का? सेंटरवाले एकत्र पॅकेज देतात. (मुंबई)

नियमानं करता येतो. अ‍ॅडव्हान्स्ड या नावावर जाऊ नका, त्यात परीक्षा नाही, वेगवेगळ्या प्रकारचे पाच डाइव्ह असतात, त्यातला एक खोल पाण्याचा आणि एक होकायंत्र घेऊन दिशा शोधण्याचा सक्तीचा, आणि शेवटी 30 मीटरची मुभा मिळते. माझा सल्ला, मध्ये दहा-पंधरा साधे डाइव्ह करा. पाण्यात न बुडता न वर जाता एका जागी तरंगत राहता यायला लागलं, हवा पुरायला लागली, की मग त्या पाच डाइव्हमधून खरंच काहीतरी हाताला लागतं. पैसे वाचवायचेच असतील तर ते वाचवून रेस्क्यू डायव्हरला ठेवा. मला विचाराल तर सगळ्या कोर्समधला तोच सगळ्यात मोलाचा, कारण तोपर्यंत आपण स्वतःकडे बघत असतो आणि तिथे पहिल्यांदा दुसऱ्याकडे बघायला शिकतो.

ताई, मी देवबागचा, वय 21. बाबांची होडी हा, मी आठवीपासून पाण्यात. सीझनला पर्यटकांना खाली नेतंय पण कार्ड ओपन वॉटरचंच. माका इन्स्ट्रक्टर व्हवचा आसा. कसा करू, किती वर्षां लागतील? (देवबाग)

तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं. तू म्हणतेय, चालेल ना.

आधी स्पष्ट बोलते, रागावू नकोस. ओपन वॉटरच्या कार्डावर पर्यटकांना खाली नेणं बरोबर नाही. तुला पाणी कळतं याबद्दल मला शंका नाही, कर्ली नदीचा गाळ कधी येतो, कुठल्या वाऱ्याला पाणी गढूळ होतं, हे तुला पुस्तकातून शिकावं लागणार नाही, बाहेरून आलेल्या इन्स्ट्रक्टरला ते वर्षानुवर्षं कळत नाही. पण घाबरलेल्या माणसाला पाण्याखाली सांभाळणं ही वेगळी विद्या आहे, आणि काही झालं तर तुझ्या पाठीशी ना संस्था असेल ना विमा.

रस्ता असा. अ‍ॅडव्हान्स्ड, मग प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स, मग रेस्क्यू. मग डाइव्हमास्टर, म्हणजे प्रोफेशनलची पहिली पायरी, वय 18 पूर्ण पाहिजे ते तुझं आहेच, सुरू करायला 40 डाइव्ह आणि पूर्ण करायला 60 डाइव्ह, लॉगबुकात लिहिलेले. इतकी वर्षं तू केलेले डाइव्ह कुठे लिहिलेत का? नसतील तर आजपासून लिही. डाइव्हमास्टरमध्ये 400 मीटर पोहणं, 800 मीटर स्नॉर्केल, 15 मिनिटं तरंगणं ज्यात शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर, दमलेल्या माणसाला 100 मीटर ओढत नेणं, हे तुला जड नाही. तुला जड जाईल ती थिअरी, दाबाची गणितं, आणि ती इंग्रजीत. ती आत्तापासून रोज थोडी थोडी वाच.

मग इन्स्ट्रक्टरचा कोर्स, आयडीसी म्हणतात. परीक्षेला बसेपर्यंत 100 डाइव्ह आणि पहिलं कार्ड मिळून किमान सहा महिने झालेले पाहिजेत. आणि पॅडीची यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की ज्यानं तुला शिकवलं तो तुझी परीक्षा घेत नाही. संस्थेकडून वेगळा परीक्षक येतो, दोन दिवस बसतो, तू पूलमध्ये कसं शिकवतोस, शिकणाऱ्यानं मुद्दाम केलेली चूक तुझ्या लक्षात येते का, समुद्रात काय करतोस, सगळं बघतो. तिथे ओळख-पाळख चालत नाही. पुढे दरवर्षी संस्थेची फी भरून नाव चालू ठेवावं लागतं, प्रोफेशनलचं कार्ड बाकीच्यांसारखं कायमचं नसतं.

मन लावून केलंस तर दीड-दोन वर्षांत होईल. पैसे खूप लागतात, हे लपवत नाही. बरीच सेंटर्स सीझनभर काम करणाऱ्या मुलांना डाइव्हमास्टर कमी पैशात करून देतात, पण काय काम, किती महिने, कोर्स नेमका कधी सुरू होणार हे लिहून घे, नाहीतर सहा महिने टाक्या उचलण्यात जातात. तारकर्लीला तुझ्या घरापासून जवळच एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे, इस्डा, तिथे जाऊन आधी चौकशी कर.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडे आहे जी माझ्याकडच्या परदेशी इन्स्ट्रक्टरांकडे कधीच नसते. सांगलीहून आलेल्या मावशी भेदरलेल्या असताना त्यांना त्यांच्या भाषेत 'काय होणार नाय मावशी, माझ्याकडे बघा' असं तू म्हणू शकतोस. अशी माणसं या धंद्यात फार कमी आहेत आणि फार लागणार आहेत. इन्स्ट्रक्टर झालास की मला परत पत्र लिही.

स्कुबाचं कार्ड असलं की बंदरात, जहाजाच्या तळाचं काम मिळतं का? (रत्नागिरी)

नाही. ते कमर्शियल डायव्हिंग, त्याचं ट्रेनिंग पूर्ण वेगळं, हवा वरून पाइपनं येते, वर टीम असते. वरची सगळी कार्डं फक्त मनोरंजनासाठीची.

डाइव्हनंतर विमानात बसायला किती तास थांबायचं? आणि आम्ही मालवणहून गाडीनं आंबोलीमार्गे बेळगावला येतो, त्याला पण काही नियम आहे का? (बेळगाव)

किती चांगला प्रश्न विचारलात, घाटाचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही डायव्हिंगच्या अपघातांवर काम करणारी संस्था, तिचा सल्ला असा की एकच साधा डाइव्ह असेल तर किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त किंवा अनेक दिवस असतील तर किमान 18 तास. खाली असताना दाबामुळे नायट्रोजन अंगात मुरतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यायचा, नाहीतर वर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात. त्यावर उपचार रिकॉम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे आतला दाब परत वाढवता येतो अशा बंद खोलीत, आणि ते प्रत्येक गावात नसतात.

हे आकडे विमानासाठी दिलेत, पण विमानातला दाब म्हणजे साधारण 600 ते 2400 मीटर उंचीवर असल्यासारखा, आणि आंबोली जवळपास 690 मीटरवर आहे. म्हणजे शरीराला ती उंचीच. किल्ल्याजवळ पाच-सहा मीटरवर एक छोटासा ट्राय डाइव्ह केलात तर घाबरायचं कारण नाही, अंगात मुरलेला नायट्रोजन अगदी थोडा असतो. पण कोर्स करत असाल, दिवसात दोन-तीन डाइव्ह 15-18 मीटरवर झाले असतील, तर दुपारी बोटीतून उतरून संध्याकाळी घाट चढू नका. त्या रात्री मालवणातच मुक्काम करा, भरपूर पाणी प्या, दारू नको, आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून सावकाश निघा.